काळ्या तेलाची साक्ष



हिंगोली जिल्ह्याचें नांव उच्चारतांच आपणांस औंढ्याचें नागनाथाचें देऊळ, नामदेवांची नरसी किंवा वसमतची हळद यांचें स्मरण होईल. इंजिनांतील तेलाचें स्मरण मात्र कोणास होणार नाहीं. तथापि ज्या भागांत नांगरट ट्रॅक्टरनें होते आणि मालही ट्रॅक्टरनेंच बाजारास जातो, तेथें कांहीं लिटर काळ्या तेलावर एकाद्या कुटुंबाचें वर्षाचें अन्न अवलंबून असूं शकतें. मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु घरांत घडलेल्या एका प्रसंगानें मला या तेलाचा इतिहास शोधावयास लावलें.

माझ्या पुतण्यानें कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. सोबतच्या पुस्तिकेंत दर अडीचशें तासांनीं तेल बदलावें असें लिहिलें होतें. "काका, हल्लींचीं तेलें दुप्पट चालतात. मालमोटारवाले पन्नास-पन्नास हजार किलोमीटर ऑईल बदलत नाहींत," असें त्यानें मला ऐकविलें. मीं मान डोलाविली. कारण काटकसरीचा उपदेश मीं आयुष्यभर वर्गांत केलेला. दुसऱ्या वर्षीं ऐन हळदीच्या काढणींत इंजिन जाम झालें. दुरुस्तीस जो पैसा गेला, त्यांत कित्येक वर्षांचें तेल आलें असतें; आणि कर्जाचा हप्ता तर थांबला नव्हताच. दोष तेलाचा, पुतण्याचा, कीं मान डोलाविणाऱ्या काकाचा? याचें उत्तर देण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

बैलगाडीच्या आंसास ओंगण घालण्याची आपली चाल फार जुनी. तें केव्हां घालावें याचा नियम कोणत्याही पुस्तकांत नव्हता. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान् खालीं उतरे. यंत्रानें तक्रार करावी आणि धन्यानें ती कानांनीं ऐकावी, अशी ती पद्धति होती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढें आपल्या देशांतील लोहमार्गांवर वंगणासाठीं एरंडेलाचा पुष्कळ उपयोग होत असे. निजामाच्या राज्यांत पूर्णेहून हिंगोलीस १९१२ सालीं रेल्वे आली, तेव्हां इंजिन वाफेचें होतें. वाफेच्या इंजिनांत घातलेलें वंगण बहुतेक गळून वा जळून जाई व पुनः नवें घालावें लागे. त्यामुळें जुनें तेल बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

मोटारीनें हा प्रश्न प्रथम उभा केला. निजामाच्या रेल्वेनें जून १९३२ मध्यें २७ गाड्यांनिशीं सरकारी मोटार-वाहतूक सुरू केली, त्या काळीं आपला मराठवाडा त्याच राज्यांत होता. मोटारीच्या इंजिनांत तेंच तेल चेंबरमधून वर चढतें, बेअरिंगांतून व दट्ट्याभोंवतीं फिरतें आणि पुनः खालीं येतें. फिरतां फिरतां काजळी, धूळ, धातूचा कीस व अर्धवट जळलेलें इंधन तें आपल्या पोटांत घेतें. त्या वेळचें तेल साधें होतें. मळ सांभाळून धरण्याची शक्ति त्यांत नसे. म्हणून पांचशें ते हजार मैलांत तें ओतून टाकण्याचा प्रघात पडला. तो प्रघात त्या काळास योग्यच होता.

पुढें डिझेल इंजिनें आलीं आणि साध्या तेलाची मर्यादा उघड झाली. दट्ट्यावरील रिंगा जळक्या चिकट मळानें जागच्या जागीं अडकून बसूं लागल्या. तेव्हां अमेरिकेंत १९३५ च्या सुमारास, साबणाप्रमाणें मळ सुटा करून तो तेलांतच तरंगत ठेवणारीं द्रव्यें मिसळलेलीं तेलें बाजारांत आलीं. येथें एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. तेल काळें झालें म्हणजे निकामी झालें, असें आपण समजतों. वस्तुतः डिझेल इंजिनांतील चांगलें तेल लवकर काळें होतें, कारण काजळी इंजिनास चिकटूं न देतां तें ती स्वतः वाहतें. काळेपणा हें तेलाचें पाप नसून कर्तव्य होय.

मग डोळ्यांस जें दिसत नाहीं तें ओळखावयाचें कसें? या ठिकाणीं १९४६ हें वर्ष महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील डेन्व्हर व रिओ ग्रांड या पहाडी रेल्वेच्या प्रयोगशाळेनें, डिझेल इंजिनांतील वापरलेल्या तेलांत सांपडणाऱ्या धातूंवरून इंजिनाचा बिघाड आधींच ओळखून दाखविला. साधन वर्णपटदर्शकाचें होतें. १८६८ च्या खग्रास ग्रहणांत जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदानें आपल्या देशांत गुंटूर येथें ज्या विद्येनें सूर्याच्या ज्वाळा तपासल्या, तीच विद्या येथें एका थेंबास लावली. तेल विजेच्या ठिणगींत जाळलें कीं त्यांतील प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक प्रकाशरेषा दाखवितें. लोखंड वाढलें तर लायनर वा दंड झिजत आहेत. तांबें, शिसें व कथील वाढलें तर बेअरिंग. ॲल्युमिनियम वाढलें तर दट्ट्या. सोडियम दिसलें तर थंडाव्याचें पाणी तेलांत शिरल्याचा संशय घ्यावा. आणि सिलिकॉन दिसलें तर बहुधा बाहेरची माती आंत येत आहे. मात्र ही परीक्षा सूक्ष्म कणांचीच. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे कण तिच्या हातून बहुधा निसटतात.

योगायोग असा कीं त्याच १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि शेतकऱ्याच्या विहिरीवरील डिझेल इंजिनास मोठी चालना मिळाली. इंजिन शेतांत पोहोंचलें. तेलाची परीक्षा मात्र रेल्वेच्या आवारांतच राहिली. वाराणसीच्या कारखान्यांत १९६४ पासून डिझेल इंजिनें बनूं लागलीं, आणि रेल्वेच्या डिझेल शेडमध्यें प्रयोगशाळा ही नित्याची गोष्ट झाली. ज्या इंजिनांत शेंकडों लिटर तेल मावतें, तेथें तें केवळ तारीख पाहून ओतून देणें परवडत नाहीं. नमुना घ्यावा, मागील नोंदींशीं ताडून पाहावा आणि मग ठरवावें, असा तेथील शिरस्ता. एका आंकड्यावर निर्णय करावयाचा नसतो. आंकडे कसकसे चढत गेले हें पाहावयाचें असतें. आम्ही मास्तर लोक मुलाचें प्रगतिपुस्तक असेंच वाचतों.

तेल अधिक काळ चालण्याचें दुसरें कारण इंधनांत आहे. आपल्या डिझेलमध्यें पूर्वीं शेंकडा एक भागापर्यंत गंधक असे. तें जळून आम्ल बनतें आणि त्याचा प्रतिकार करण्यांत तेलांतील क्षारद्रव्य खर्ची पडतें. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकानें गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे पूर्वींच्या एक सहस्रांश, केली. तेव्हां पुतण्याचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. नव्या मालमोटारींच्या मुदती खरोखरच लांबल्या आहेत. परंतु त्या मोठ्या चेंबरच्या, डांबरी रस्त्यावर धांवणाऱ्या गाड्यांच्या मुदती होत. धुळींत तासन्‌तास राबणाऱ्या ट्रॅक्टरास त्या लावणें म्हणजे एकाची औषधाची मात्रा दुसऱ्यास देणें होय.

आतां त्या इंजिनाकडे परत येऊं. मिस्त्रीनें तें उघडलें तेव्हां खरा चोर सांपडला. हवेच्या गाळणीची रबरी नळी तडकली होती. तेथून धूळ आंत जाई. तिनें लायनर व रिंगा झिजविल्या. झिजल्या रिंगांवरून तेल जळूं लागलें. चेंबरमधील पातळी उतरली. आणि शेवटीं बेअरिंगें कोरडीं पडलीं. अडीचशें तासांनीं तेल बदललें असतें, तर निघालेलें तेल मापांत कमी भरलें असतें व शंका आली असती. तात्पर्य, तेल बदलण्याचा दिवस हा इंजिनाच्या तपासणीचाही दिवस असतो. आम्हीं मुदत वाढविली आणि तपासणी गमाविली. रेल्वेनें प्रथम परीक्षा उभी केली आणि मग मुदत तिच्या हातीं दिली. आम्हीं क्रम उलटा केला.

यास्तव माझें सांगणें एवढेंच कीं मुदत वाढवावयाची असेल तर परीक्षा आधीं हवी. प्रयोगशाळा दूर असली तरी कांहीं परीक्षा घरींही होतात. पट्टीवरील पातळी रोज पाहावी. तेलाचा एक थेंब टीपकागदावर सोडावा. काजळी एकसारखी पसरली तर तेलांत मळ वाहण्याची शक्ति आहे, मधोमध घट्ट काळा ठिपका राहून कडेस निव्वळ तेलाचें कडें उमटलें तर ती संपत आली. तापल्या तव्यावर थेंब तडतडला तर त्यांत पाणी आहे. मात्र धातूची झीज या परीक्षांस कळत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळाच हवी.

पुतण्याचा ट्रॅक्टर पुनः चालूं लागला आहे. पुस्तिकेंतील अडीचशें तास तो आतां चुकवीत नाहीं, आणि निघालेल्या तेलाचा एक ठिपका टीपकागदावर घेऊन, तारीख व तास लिहून, वहींत चिकटवितो. ती वही तपासण्याचें काम त्यानें मजकडे दिलें आहे. मान डोलाविण्यापूर्वीं आतां मी वही मागतों.