सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह

बंगळूर आणि तंजावर यांचा ऋणानुबंध आम्हा येथील मराठी मंडळींच्या ध्यानी फारसा राहिलेला नाही. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८च्या सुमारास. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे येथूनच तंजावरास गेले व तेथील गादीवर बसले. त्याच वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांच्या ग्रंथसंग्रहाचे स्मरण आम्हास या प्रसंगी अगत्याचे वाटते.

१७९९च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, ठरीव तनखा व वसुलाचा पाचवा हिस्सा. लढाया संपल्या होत्या. हाती येणारा पैसा राजांनी ग्रंथांकडे वळविला. नायक राजांच्या काळापासूनचे सरस्वती भांडार वाड्यात होतेच. १८२०-२२च्या काशीयात्रेत राजांनी पंडित बरोबर नेले. मिळतील त्या पोथ्या विकत घ्याव्यात, इतरांच्या नकला उतरवून आणाव्यात, असा क्रम होता. वाड्यातही नकलनविसांचे काम अखंड चाले. युरोपीय भाषांतील छापील ग्रंथ चार हजारांवर जमले. त्यांतील कित्येकांवर राजांची इंग्रजी सही आजही दिसते. शोभेसाठी पुस्तके मांडणारे संस्थानिक पुष्कळ झाले; सरफोजींच्या संग्रहात मात्र त्यांच्या वैद्यशाळेतील नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदीही आहेत.

१८५५मध्ये पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. संग्रह मात्र विखुरला नाही. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची करून १८८०मध्ये प्रसिद्ध केली. स्वतः जमविलेल्या साडेतीनशे पोथ्या याच गृहस्थांनी १८७०मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयास दिल्या होत्या! १९१८मध्ये ‘सरस्वती महाल’ सार्वजनिक झाला. पुढे लांडगे, कागलकर आदी विद्वान घराण्यांनी आपापल्या पोथ्याही तेथे दिल्या.

परमानंदांच्या ‘शिवभारता’ची पोथी सदाशिव महादेव दिवेकरांना तेथेच सापडली व १९२७मध्ये ती छापून निघाली. ज्या व्यंकोजींकडे शिवछत्रपतींनी १६७७मध्ये वडिलार्जित वाटा मागितला, त्यांच्याच वंशजांच्या घरी हे शिवचरित्र जपले गेले, याचे आम्हास मोठे कौतुक वाटते.

त्याच वास्तूत तंजावर दरबारच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. आमच्या मंडळात मोडी वाचणारा आज एकही सभासद नाही.