गोफण, छऱ्याची बंदूक आणि दुर्बीण

मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कवठे महांकाळ हे स्थानक लागते. एके काळी येथून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे. तालुका दुष्काळी, अग्रणी नदी वर्षातील बराच काळ कोरडी. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी येण्यापूर्वी येथील शेतकऱ्याची सारी भिस्त रब्बीच्या शाळूवर होती. कणसे हुरड्यात आली की मध्य आशियातून उतरलेल्या भोरड्यांचे थवे रानावर झेपावत. मग चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि त्यावर उभे राहून गोफण फिरवायची. हे राखणीचे काम बहुधा घरातील पोरांकडे व म्हाताऱ्यांकडे असे. गोफणीचा दगड पाखराला क्वचितच लागे, आणि तो लागावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. थवा उठून पलीकडच्या रानात गेला की काम झाले. (पलीकडच्या रानाचा मालकही गोफण घेऊन उभाच असे, ही गोष्ट वेगळी!)

या गोफणीच्या शेजारी छऱ्याची बंदूक कधी येऊन उभी राहिली, हे सांगायचे तर थोडे कायद्याकडे वळावे लागते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला प्रजेच्या हातातील शस्त्रांची धास्ती बसली आणि १८७८ चा शस्त्र कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध तक्रार मांडली होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा शस्त्र कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. परवान्याची अट कायम राहिली. परंतु लहान नळीच्या, कमी जोराच्या हवेच्या बंदुकांना सूट मिळाली. दारूची बंदूक पाटला-इनामदारांच्या घरी खुंटीवर, तर छऱ्याची बंदूक सामान्य माणसाच्या घरी कणगीमागे, अशी ही वाटणी पडली.

पाण्याचे सिमेंटी नळ बनविणारी इंडियन ह्यूम पाईप ही कंपनी आपल्या वाचकांना ठाऊक असेल. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने ती १९२६ साली स्थापन झाली. त्याच कंपनीने पुढे एअर रायफलीही बनविल्या. त्यांची घडण जर्मन धर्तीची. जर्मनीतील रास्टाट गावी १८९० साली सुरू झालेल्या कारखान्याच्या ‘डायना’ बंदुका जगभर गेल्या होत्या, आणि त्यांची नक्कल करण्याचा मोह अनेक देशांना झाला.

या बंदुकीचे शास्त्र सोपे आहे. नळी मधोमध मोडून खाली ओढली की आतील जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे अडकतो. नळीच्या तोंडाशी साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बसवायचा व नळी सरळ करायची. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दबलेली हवा छर्रा घेऊन बाहेर पडते. दारू नाही, धूर नाही. खर्च काय तो छऱ्यांच्या डबीचा. आपल्यापैकी बहुतेकांनी ही बंदूक प्रथम हाती धरली ती जत्रेतील फुग्यांच्या फळीसमोर. तिथल्या बंदुकीची माशी हटकून वाकडी असे, हे ज्ञानही सर्वांना तेथेच झाले.

आम्हीही अशी एक स्वस्तातली बंदूक घेतली, आणि हौसेने तिच्यावर दुर्बीण चढविली. दुकानदाराने ‘कोणत्याही रायफलीला चालेल’ असे सांगितले होते. पन्नासेक छऱ्यांनंतर नेम असा भरकटला, की उजवीकडचा डबा धरावा तर डावीकडचा पडावा. दोष आमच्या हाताचा, असे आम्ही बराच काळ समजत होतो. पुढे उलगडा झाला. दारूची बंदूक मागे धक्का देते. ही स्प्रिंगची बंदूक मात्र आधी मागे आणि दट्ट्या टोकाला आदळताच पुढे, असे दोन उलटसुलट धक्के देते, आणि साध्या दुर्बिणीची भिंगे त्या दुसऱ्या धक्क्यासाठी बसविलेली नसतात. शिवाय अशी दुर्बीण शंभर यार्डांसाठी जुळविलेली. दहा मीटरवर तीतून सारे धूसर दिसते. बंदूक घट्ट आवळून धरली तरी नेम बिघडतो. तिला तळहातावर अलगद टेकवून, तिचा धक्का तिला देऊ द्यावा लागतो. हे शिकायला आम्हाला एक उन्हाळा लागला.

त्या उन्हाळ्यात एक बुलबुलही पडला. कुंपणाच्या बाभळीवर बसला होता. द्राक्षाला टोचतो, एवढाच त्याचा अपराध. हातात घेतला तेव्हा तो ऊबदार होता, आणि शेपटीखालचा लाल डाग आम्ही प्रथमच इतक्या जवळून पाहिला.

१९०८ च्या सुमारास मुंबईत अशाच एका खेळण्यातल्या हवेच्या बंदुकीने एका मुलाने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण त्या मुलासमोर उघडले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांचे आत्मचरित्र १९८५ साली निघाले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘चिमणीचे पडणे’. ते नाव वाचताना मत्तयलिखित शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आमच्या वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांची शिकार गुन्हा ठरविली; पण कणगीमागच्या बंदुकीला ते पुष्कळ वर्षे कळलेच नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली लोकांनी आपल्या एअरगन आपण होऊन शासनाकडे जमा कराव्यात, अशी मोहीम निघाली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी वीस जूलची मर्यादा घातली. त्यापेक्षा अधिक जोराच्या किंवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या बंदुकीला परवाना लागतो.

याच बंदुकीचे दुसरे घराणे मात्र भलतेच उजळले. १९८४ साली लॉस एंजलिस येथे दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीत तिच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. ही पन्नास मीटरची रायफल दारूची. दहा मीटरची हवेची. तेथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि रायफलीवर दुर्बीण चालत नाही! आम्ही आमची दुर्बीण त्यानंतरच काढून ठेवली.

बागेवर आता जाळी आहे. बुलबुल तीवर बसून आत पाहतात. बंदूक आठवड्यातून एकदा निघते. मागे मातीचा बांध, पुढे बेदाण्याचे रिकामे खोके, मोजून दहा मीटर. पोरांनी बांधाच्या मागे जायचे नाही, आणि नळी मोडलेली असल्याशिवाय बंदूक कोणाच्या हाती द्यायची नाही, हे दोन नियम आमच्या घरात आहेत. गेल्या खेपेस धाकटीचे दहापैकी सात छर्रे खोक्यावरच्या द्राक्षाच्या चित्रात लागले. आमचे चार.