घाटवाटेची जकात आणि हुंडेकरी

१/ कोल्हापूरहून गगनबावडामार्गे गोव्यास जाण्यासाठी गाडी भाड्याने घेतली, की ठरलेले भाडे आणि हाती पडणारे बिल यांचा मेळ क्वचितच बसतो. जीएसटी, टोल, परराज्याचा कर, चालकाचा रात्रीचा भत्ता. सह्याद्रीच्या घाटवाटांना हे दुखणे नवे नाही.

२/ गगनबावड्यापाशी वाट दुभंगते: करूळ घाटाने वैभववाडीकडे, भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. मोटारी येण्यापूर्वी घाटवाटांवरून लदलेले बैल चालत. कोकणातले मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. देशावरचे धान्य खाली उतरे.

३/ मराठेशाहीत माल भरला तेथे 'थळभरीत', विकला तेथे 'थळमोड', आणि मधल्या वाटेत निराळी जकात. आकारणी बहुधा बैलाच्या ओझ्यावर. दर मात्र ठिकठिकाणी वेगळे. बावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे; घाट उतरला की अंमल बदले आणि नाकाही. माल ठिकाणी पोहोचेपर्यंत त्याची खरी किंमत व्यापाऱ्यालाही सांगता येत नसे.

४/ या अनिश्चिततेतूनच एक धंदा उभा राहिला: हुंडेकरी. एकच रक्कम ठरवून घ्यायची आणि वाटेतल्या साऱ्या जकाती आपण भागवायच्या. (येथे 'हुंडा' म्हणजे एकरकमी ठराव; लग्नातला नव्हे.) एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या वर्गाची नोंद केली आहे. हुंडेकऱ्याचे खरे भांडवल बैल नव्हे, नाक्यांची माहिती आणि तिथली ओळख. सर्व करांसह एकच भाडे सांगणारा आजचा गाडीवाला त्याचाच वारस म्हणावा लागेल.

५/ जकातीने केवळ खजिनाच भरे असे मात्र नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवले. पोर्तुगीज अमलातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि स्वराज्यातली मिठागरे ओस पडण्याची भीती होती. आज्ञा अशी की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडेल. किंमत वाढवणे हाच येथे कराचा हेतू होता. ओझे घेऊन घाट चढणाऱ्याला त्यात काय वाटले, ते पत्रात नाही.

६/ पुढे बावड्याशी ज्यांचे घराणे जोडले गेले, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्रा'त सावकारांना राज्याची शोभा मानले. व्यापारी दुखावला तर वाट ओस पडते, हे ते जाणून होते.

७/ मुंबई इलाख्यातील कंपनीच्या मुलखात वाटेवरची जकात १८३७-३८ मध्ये उठली. 'जकात' हा शब्द मुंबई महापालिकेच्या नाक्यांवर २०१७ पर्यंत टिकला. हुंडेकरी आडनावाची घरे महाराष्ट्रात आजही आहेत.