सुधाकराच्या मनाची जखम

गडचिरोली जिल्ह्यांतील कुरखेडा तालुका झाडीपट्टींत मोडतो. धानाची कापणी-मळणी उरकली, कीं या मुलखांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. शेजारच्या वडसा येथील मंडळ्या शंकरपट व मंडई यांच्या निमित्तानें गांवोगांव जातात आणि प्रेक्षक रात्र रात्र मंडपांत बसून राहतात. याच जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीमुळें १९९३ सालीं दारूबंदी झाली. नाटक आणि दारू या दोहोंचा प्रताप जाणणाऱ्या या प्रदेशास राम गणेश गडकरी यांचा सुधाकर परका वाटूं नये. गडकऱ्यांचें देहावसानही विदर्भांतच, सावनेर येथें, २३ जानेवारी १९१९ रोजीं झालें. त्यानंतर महिन्याच्या आंत गंधर्व नाटक मंडळीनें ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणलें.

या नाटकाचें तात्पर्य सामान्यतः एका वाक्यांत सांगितलें जातें: पहिल्या प्याल्यानें सुधाकराचा नाश केला. परंतु तो प्याला त्याच्या ओठीं लागला केव्हां? सुधाकर बुद्धिमान, पण कमालीचा मानी वकील. भर न्यायालयांत मुन्सफाशीं खटका उडतो आणि त्याची सनद कांहीं काळ रद्द होते. त्या अपमानाचा विसर पडावा म्हणून तळीराम त्याला दारू देतो. म्हणजे जखम आधीं झाली. दारू तिच्यावरचें औषध म्हणून आली.

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीं चारच वर्षें, १९१५ सालीं, चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्यानें महायुद्धांतील सैनिकांच्या ‘शेल-शॉक’ नामक विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. पुढें १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं अशा आघातोत्तर विकाराला आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. सनद जाणें हा कांहीं रणांगणावरील मृत्यूशीं सामना नव्हे. म्हणून तेंच नांव सुधाकराला चिकटविणें शास्त्राला धरून होणार नाहीं. तथापि मनाचा घाव बाहेर न दिसतां माणसाचें वर्तन पालटून टाकतो, हें शास्त्राचें सूत्र त्याला तंतोतंत लागू पडतें.

सुधाकर एकदां दारू सोडतोही. शुद्धीवर येऊन तो काम मागूं लागतो. पण दारुड्यावर विश्वास कोण ठेवणार? दार बंद झालें, कीं न्यायालयांतला तोच अपमान पुन्हां उभा राहतो आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. व्यसन त्याचें असलें, तरी ही खपली समाजानें काढली.

मात्र कारण कळलें म्हणून अपराध पुसला जात नाहीं. सिंधू दळणकांडण करून संसार रेटते. तिचें बाळ सुधाकराच्या हातून मरतें, आणि प्राण जात असतांही ती नवऱ्यावर आळ येऊं देत नाहीं. सर्वांत खोल घाव तिचा. त्याला विसर पाडणारा प्याला तिनें शोधला नाहीं. सुधाकराच्या मनाचा शोध घेतांना सिंधूच्या मनाकडे पाठ फिरविली, तर तो न्याय अर्धाच होईल.

कायदा दुकान बंद करूं शकतो, आणि तें आवश्यकच आहे. पण दारू सोडून दारीं आलेल्या माणसाला काम द्यावयाचें कीं हांकलून लावावयाचें, हें कायदा ठरवीत नाहीं. तें घराघरांतून ठरतें. सुधाकराचा दुसरा प्याला तेथेंच भरला गेला होता.