ठिणगी आणि धूळ : दोन स्फोट, दोन चौकशा

आजचा विषय आहे स्फोट आणि त्यानंतर होणारी चौकशी. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं स्फोटावर कशाला बोलावं, असं कुणाच्या मनात येईल. पण चौकशी म्हणजे काय? 'हे कशामुळे झालं?' हा प्रश्न. आणि 'कशामुळे' हा शब्द तत्त्वज्ञानाच्या घरचाच आहे. इतिहासातली दोन प्रकरणं घेऊन तो शब्द आज जरा तपासून पाहू. एक इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीचं, १८४४ सालचं. दुसरं आपल्या मुंबईचं, १९४४ सालचं. दोहोंत बरोबर शंभर वर्षांचं अंतर आहे.

आपल्या खानदेशात कोळशाची खाण नाही. पण कोळसा आपल्याला परका नाही. भुसावळच्या यार्डातून कोळशाच्या वाघिणी जाताना आपण लहानपणापासून पाहतो, आणि दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी तर लांबूनही दिसते. तो कोळसा कुठून तरी, कुणीतरी काढलेला असतो, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

२८ सप्टेंबर १८४४. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगण्यात हॅसवेल नावाची खाण. शनिवारची दुपार. जमिनीखाली स्फोट झाला आणि ९५ जण गेले. त्यांत मुलंही होती, कारण त्या काळी दहा वर्षांची पोरं खाणीत कामाला असत. सगळेच काही आगीनं मेले नाहीत. स्फोटानंतर खाणीत जी विषारी हवा भरते तिला खाणकामगार 'आफ्टरडॅम्प' म्हणत. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ज्यांच्या अंगाला ज्वाळा लागल्याही नाहीत, अशी कितीतरी माणसं त्या हवेनं मेली.

आता पार्श्वभूमी पाहा. त्याच वर्षी त्या भागातल्या खाणकामगारांनी मोठा संप केला होता आणि तो नुकताच मोडला होता. मालक आणि कामगार यांच्यात विश्वास उरलेला नव्हता. मृत्यूची चौकशी करायला पंच बसले, तेव्हा कामगारांचे वकील डब्ल्यू. पी. रॉबर्ट्स यांनी बाहेरच्या तज्ज्ञांची मागणी केली. मालकांनी नेमलेल्या माणसांच्या साक्षीवर कामगार कसा विश्वास ठेवणार? रॉबर्ट्स थेट लंडनला गेले. पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारनं मग दोन माणसं पाठवली : मायकेल फॅरेडे आणि चार्ल्स लायल. एक त्या काळचा सर्वांत मोठा प्रयोगकर्ता, दुसरा सर्वांत मोठा भूगर्भशास्त्रज्ञ. खाणीच्या एका अपघातासाठी सरकारनं अशी माणसं धाडावीत, हीच मोठी गोष्ट होती.

दोघे खाणीत उतरले. लायलनं पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे, ती ऐकण्यासारखी आहे. खाणीतल्या हवेचा वेग कसा मोजता, असं फॅरेडेनं विचारलं. माणसानं बंदुकीच्या दारूची चिमूट काढली, तपकिरीची काढावी तशी, आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडली. धूर निघाला. ठरावीक अंतर जायला त्याला किती वेळ लागतो, ते दुसऱ्यानं घड्याळात पाहिलं. फॅरेडे म्हणाला, पद्धत ठीक आहे, पण दारू तुम्ही फार बेफिकिरीनं हाताळता. ती ठेवता कुठे? पिशवीत, तोंड घट्ट बांधून. आणि पिशवी कुठे आहे? ते म्हणाले, साहेब, तुम्ही तिच्यावरच बसला आहात.

हसू येतं, नाही का? पण बारकाईनं पाहा. ही माणसं मूर्ख नव्हती. रोज धोक्यात वावरलं की धोका दिसेनासा होतो. ज्याच्यावर आपण बसलेलो असतो ते दिसायला बाहेरचा माणूस लागतो. रॉबर्ट्स बाहेरचा तज्ज्ञ का मागत होता, त्याचं उत्तर या एका प्रसंगात आहे.

पंचांचा निकाल लागला : अपघाती मृत्यू, कुणाचाही दोष नाही. फॅरेडे आणि लायल यांनाही तो मान्य होता. पण ते तिथे थांबले नाहीत. सरकारला त्यांनी जो अहवाल दिला, त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. खाणीतल्या लाकडी टेकूंवर त्यांना एक काळा थर चिकटलेला दिसला. फॅरेडेनं तो प्रयोगशाळेत तपासला. ती कोळशाची धूळ होती, पण जळालेली, आतला वायू निघून गेलेली. म्हणजे काय झालं? सुरुवातीला पेटला तो मिथेन वायू. त्याच्या धक्क्यानं जमिनीवरची धूळ उडाली, ती हवेत पसरली आणि तीही पेटली. वायूचा स्फोट थोड्या जागेत संपला असता. धुळीनं तो खाणभर नेला.

मित्रहो, धूळ आणि स्फोट यांचा संबंध आपल्याला चटकन पटत नाही. लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो, भुसा भुर्रकन पेटतो. वस्तू जितकी बारीक, तितका तिचा हवेशी संबंध जास्त. पिठाच्या गिरण्यांतही असे स्फोट झालेले आहेत.

अहवालात दोन उपाय होते. जिथला कोळसा काढून झाला त्या पोकळीत वायू साठतो, तो नळानं बाहेर ओढून घ्या. आणि खाणीत काम करणाऱ्यांना विज्ञानाचं शिक्षण द्या. खाणमालकांच्या समितीनं उत्तर दिलं की नळाची सूचना व्यवहारात बसत नाही. धुळीचा मुद्दा तर बाजूलाच पडला. फ्रान्समध्ये कुरिएर इथे १० मार्च १९०६ रोजी १०९९ माणसं गेली. त्या खाणीत वायूचा धोका फारसा नाही, असं मानलं जात होतं. स्फोट पसरवला तो धुळीनं. त्यानंतर, १९०८ पासून, इंग्लंडमध्ये ऑल्टोफ्ट्स इथे मोठे प्रयोग झाले आणि सिद्ध झालं की कोळशाच्या धुळीत दगडाची भुकटी मिसळली तर ज्वाळा पुढे जात नाही. उपाय किती स्वस्त पाहा! दगडाची भुकटी. पण फॅरेडेच्या अहवालापासून तिथवर यायला साठ वर्षांहून जास्त काळ गेला. आपल्याकडे झारखंडात, तेव्हाच्या बिहारमध्ये, धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी २६८ कामगार दगावले. तिथेही धुळीचा भाग मोठा होता.

आता मुंबईला येऊ.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. इंग्लंडहून निघालेलं, कराचीमार्गे आलेलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं होती, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला त्यात भर पडली कापसाच्या ८७०० गठाणींची. सोबत वंगणाचं तेल, लाकूड, गंधक. कॅप्टन नाइस्मिथना हा माल एकत्र भरणं पसंत नव्हतं. पण युद्ध चालू होतं, जहाजं कमी होती. एरवी स्फोटकांचं जहाज गोदीच्या आत येत नसे, बाहेर समुद्रातच माल उतरवला जाई. युद्धामुळे तो नियमही सैल झाला होता.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. कामगार परतले तेव्हा दोन नंबरच्या कोठारातून धूर येत होता. त्याआधीच आजूबाजूच्या जहाजांवरच्या काहींनी तो पाहिला होता, पण कुणी आरोळी दिली नाही. आगीचे बंब आले, शेकडो टन पाणी ओतलं गेलं. धूर थांबेना.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांचा जिनिंग-प्रेसिंगशी संबंध आहे, त्यांना मी काय सांगणार? दाबलेली गठाण पेटली की ती आतून धुमसते. वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजतो, आत निखारा तसाच राहतो. गठाण फोडून मोकळी केल्याशिवाय आग विझली असं म्हणता येत नाही. जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमध्ये साध्या हमालालाही हे ठाऊक असतं. त्या कोठारात मात्र गठाणी आणि स्फोटकं एकमेकांच्या वर-खाली रचलेली होती. फोडणार कशा?

आणि तिथे हुकूम कुणाचा चालणार होता? कॅप्टन होते, गोदीचे व्यवस्थापक होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते, लष्कराचे दारूगोळा अधिकारी होते. कुणी म्हणालं जहाज बाहेर समुद्रात न्या. कुणी म्हणालं बुडवा, तर तिथे पाणी पुरेसं खोल नव्हतं. कुणी म्हणालं पाणी मारत राहा. प्रत्येकाचा सल्ला आपापल्या परीनं शहाणपणाचा होता, पण निर्णय घेणारा एक माणूस नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मस्जिद बंदर, मांडवीच्या वस्तीवर जळता कापूस आणि तापलेलं लोखंड पडलं. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. मृतांचे सरकारी आकडे सातशे-आठशेच्या घरातले, इतर अंदाज १३०० पर्यंत जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे वर्तमानपत्रांना कित्येक दिवस बातमीसुद्धा नीट देता आली नाही. घरचं माणूस गोदीतून आलं नाही, आणि पेपरात काही नाही! अशा वेळी अफवा पिकतात, तशा पिकल्या. घातपात झाला, असं अनेकांना वाटत होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. घातपाताचा पुरावा त्याला मिळाला नाही. आग अपघातानं लागली, बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे, असा निष्कर्ष निघाला. पण आयोग विडीवर थांबला नाही, हे त्याच्या श्रेयाचं. कापूस आणि स्फोटकं एकत्र रचणं चुकीचं होतं, आणि जागेवरच्या अधिकाऱ्यांना प्रसंगाचं गांभीर्य वेळेवर कळलं नाही, हेही त्यानं म्हटलं.

तरी लोकांच्या तोंडी काय राहिलं? विडी. का बरं? आपल्या मनाला कारण म्हणजे एखादा माणूस आणि त्याची एखादी कृती हवी असते. 'कुणी केलं?' याचं उत्तर मिळालं की आपण उठून घरी जातो.

आपल्या न्यायशास्त्रानं या बाबतीत फार बारीक विचार केलेला आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचणारा विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो तो कापडाचा दाखला. कापडाचं समवायी कारण सूत. सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि माग, विणकर ही निमित्तकारणं. म्हणजे एका कार्याला एकच कारण, हे नैयायिकाला मान्यच नाही. आता हे मुंबईच्या गोदीला लावून पाहा. विडी हे निमित्त. कापूस आणि दारूगोळा हे द्रव्य. आणि त्यांची एका कोठारातली रचना, तो संयोग? तो विडी ओढणाऱ्यानं केलेला नव्हता. कराचीला कागदावर सही करणाऱ्यानं केला होता.

हॅसवेललाही तेच. ठिणगी निमित्त. पण जमिनीवर वर्षानुवर्षं साठलेली धूळ कुणाची? ठिणगी एका क्षणाची असते आणि बहुतेक वेळा एका गरिबाच्या हातातली असते. धूळ पुष्कळ दिवसांची असते आणि तिच्यावर अनेकांचं दुर्लक्ष जमलेलं असतं. शिवाय ज्याच्या हातातली ठिणगी, तो पहिल्यांदा मरतो. चौकशीत त्याची बाजू मांडायला कुणी नसतं.

मग फॅरेडेनं 'कुणाचाही दोष नाही' हे मान्य केलं, ते बरोबर होतं का? माझं उत्तर दुहेरी आहे. दोषी शोधायची घाई नव्हती म्हणूनच त्याला धूळ दिसली. साक्षीदारही घाबरले नाहीत. हा फायदा. पण ज्यात दोषी कुणीच नाही, त्यात सुधारणा करायला बांधलेलाही कुणीच नाही. मालकांनी सूचना नाकारल्या, आणि त्यांना कुणी काही म्हणू शकलं नाही. हा तोटा. वेल्समध्ये सेन्घेनिड खाणीत १९१३ साली ४३९ खाणकामगार आणि एक बचाव करणारा गेला. तिथे नियमभंग सिद्धही झाला. शिक्षा काय? व्यवस्थापकाला २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड दंड. वर्तमानपत्रांनी हिशोब मांडला : माणशी एक शिलिंग आणि वर थोडे पेन्स.

म्हणून चौकशीला तीन वेगळे प्रश्न विचारावेत, आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ठिणगी कुठली? धूळ कुणी साठू दिली? आणि उद्या सकाळपासून ती झाडायची जबाबदारी नावानिशी कुणाची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी मिळतच नाही. दुसऱ्याचं जवळजवळ नेहमी मिळतं. तिसरा बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आठवा. ३१ ऑगस्ट २०१९ ला आपल्या शिरपूरजवळ वाघाडीला रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला, दहाहून जास्त जीव गेले. त्या प्रकरणावर मी इथे निवाडा देणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण आपल्या जिल्ह्यांत जिनिंग आहेत, तेलाच्या गिरण्या आहेत, एमआयडीसी आहेत. त्यांत आपलीच पोरं कामाला जातात. अशी बातमी आली की चौकात पहिला प्रश्न येतो, 'चूक कुणाची?' तिथे आपल्यापैकी एखाद्यानं विचारावं, आत काय काय एकत्र ठेवलं होतं? किती दिवसांपासून? तपासायला शेवटचं कोण आलं होतं? आणि चौकशीचा अहवाल आला की तो मागून घेऊन वाचावा. माहितीचा अधिकार आपल्याकडे २००५ पासून आहे. हॅसवेलच्या विधवांकडे तो नव्हता. त्यांच्या वतीनं एका वकिलाला लंडन गाठावं लागलं होतं.

एवढं बोलून थांबतो. जिनिंगमधल्या आगीचा अनुभव असलेलं कुणी इथे असेल, तर प्रश्नोत्तरांत त्यांनी आधी बोलावं. मला ऐकायचं आहे.