आशा पुथली : मुंबईच्या जॅझ-सोल गायिकेचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या भागात आशा पुथली हे नाव घेतले तर बहुतेक जण ‘कोण?’ असे विचारतील. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी मुंबईत जन्मलेल्या या गायिकेने अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय संगीतकारांबरोबर गायन केले, लंडन आणि जर्मनीत अल्बम केले, आणि त्यांचा आवाज पुढे अमेरिकी रॅपमध्येही जाऊन पोहोचला. त्यांच्या स्वतःच्या शहरात मात्र त्यांची ओळख जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मोजक्या लोकांपुरतीच राहिली.

आम्ही नायगाव-परळ भागातील तरुणांबरोबर काम करतो. त्यांच्यात रॅप लिहिणारी आणि मोबाइलवर बीट तयार करणारी मुले-मुली बरीच आहेत. जुन्या परदेशी गाण्यांचे तुकडे ते वापरतात. पण ते गाणे कोणाचे, कोणत्या काळातले, कोणत्या समाजाचे, हे त्यांना कोणी सांगत नाही. अशा श्रोत्यांसाठी हा परिचय आहे. आमचे म्हणणे साधे आहे : आशा पुथली ऐकायच्या असतील तर नाचाच्या गाण्यांपासून सुरुवात करू नये. आधी त्या ज्या संगीताकडे गेल्या ते कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकावे, म्हणजे पुढचे सगळे अल्बम समजतात.

जॅझ आणि सोल म्हणजे काय?

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडवलेले संगीत. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या लोकांच्या पुढच्या पिढ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्ससारख्या शहरांत ते उभे केले. ठरलेली चाल घेऊन वादकाने तिच्यात ऐन वेळी आपली भर घालायची, हा त्याचा गाभा.

सोल त्यानंतरचे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांची आर्त गायकी आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून १९५०च्या दशकात रे चार्ल्स यांच्यासारख्या गायकांनी ते लोकप्रिय केले. चर्चमधली गायकी तीच राहिली, शब्द मात्र रोजच्या जगण्याचे आले. आपल्याकडे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. ज्यांना हा इतिहास माहीत आहे, त्यांना सोल संगीताची वाटचाल परकी वाटणार नाही.

मुंबईत जॅझ कोणत्या दाराने आले?

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही इथे वाजवले. त्यांच्याकडून हे संगीत गोव्याच्या वादकांनी उचलले. गिरगावच्या दक्षिणेला धोबी तलाव परिसरात गोव्यातील गावांच्या नावाने चालणारी ‘कूड’ म्हणजे सामायिक निवासस्थाने होती. नोकरीच्या शोधात आलेले गोवेकर तिथे उतरत आणि त्यांच्यात वादकही असत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँतोनियो झेवियर वाझ आणि फ्रँक फर्नांड हे याच परंपरेतले. हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वादन, असे अनेकांचे आयुष्य गेले.

म्हणजे ताजपासून गिरणगाव काही मैलांवर असले तरी हे संगीत हॉटेलच्या दारातून आले, आणि ते दार इंग्रजी व पैसा असणाऱ्यांसाठीच उघडे होते. गिरणी कामगाराच्या चाळीत शाहिरी, भजन, कव्वाली, लोकनाट्य होते. अमेरिकेत जे संगीत दलितांसारखेच जिणे जगणाऱ्या समाजाने घडवले, ते मुंबईत श्रीमंतांच्या करमणुकीचे म्हणून ओळखले गेले. हा विरोधाभास लक्षात ठेवून आशा पुथलींकडे वळू.

गायिकेची वाटचाल

आशा पुथली यांनी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा या दोन्हींचे शिक्षण घेतले आणि मुंबईतील जॅझ वादकांबरोबर गाणे सुरू केले. लेखक वेद मेहता यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईच्या जॅझविषयी लिहिताना त्यांच्यावर लिहिले आहे. काही काळ त्यांनी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरी म्हणून काम केले. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या संस्थेत नृत्य शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळून त्या न्यूयॉर्कला गेल्या.

तिथे जॉन हॅमंड यांनी त्यांना हेरले. बिली हॉलिडे आणि अरिथा फ्रँकलिन यांना सुरुवातीच्या काळात पुढे आणणारे हे निर्माते. त्यांच्यामुळे आशा पुथली १९७१ साली सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ध्वनिमुद्रणात गायल्या.

ऐकण्याचा क्रम

पहिला : ‘सायन्स फिक्शन’ (१९७२). हा अल्बम ऑर्नेट कोलमन यांचा आहे. कोलमन टेक्सासमधील फोर्ट वर्थ या शहरात, वंशभेदाच्या काळात, गरिबीत वाढले. धातूचा सॅक्सोफोन परवडेना म्हणून त्यांनी काही वर्षे प्लास्टिकचा वाजवला. ठरलेल्या स्वरांच्या चौकटीत वादकाने अडकू नये, हा त्यांचा आग्रह. त्यावरून त्यांना फार टीका सोसावी लागली. या अल्बममधील ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ ही दोन गाणी आशा पुथलींच्या आवाजात आहेत. लय संथ आहे. खाली ड्रम खळखळत राहतो, वर सॅक्सोफोन-ट्रम्पेटचे लांबलेले स्वर आणि त्यांच्या बरोबरीने गायिकेचा आवाज. शास्त्रीय गायनात स्वर लावून धरण्याची सवय झालेल्या कानाला ही गाणी लवकर आपलीशी वाटतील. बाकीचा अल्बम पहिल्यांदा कठीण जाईल. आधी ही दोन गाणी आठवडाभर ऐका, मग पूर्ण अल्बम लावा.

दुसरा : ‘आशा पुथली’ (१९७३). त्यांच्या नावाचा हा पहिला अल्बम सीबीएस कंपनीने काढला. निर्माते डेल न्यूमन, ज्यांनी कॅट स्टीव्हन्स आणि एल्टन जॉन यांच्यासाठीही वाद्यमेळ रचला होता. जे. जे. केल यांचे ‘राइट डाउन हिअर’ आणि जॉर्ज हॅरिसन यांचे ‘आय डिग लव्ह’ ही इतरांची गाणी इथे त्यांनी आपल्या पद्धतीने गायली आहेत. मूळ गाणे आणि यांचे गाणे एकामागून एक ऐका. शब्द तेच असताना आवाज कुठे दबवला, श्वास कुठे सोडला, यावरून गाणे कसे पालटते ते कळते. गाऊ इच्छिणाऱ्या मुलींना आम्ही हाच अल्बम सुचवतो.

तिसरा : ‘द डेव्हिल इज लूज’ (१९७६). जर्मनीत तयार झालेला अल्बम. यातील ‘स्पेस टॉक’ हे त्यांचे सर्वांत ओळखीचे गाणे. जवळजवळ कुजबुजीसारखा आवाज, पुढे येणारा बास आणि नाचाला लावणारा ताल. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मंकुसो यांच्या ‘द लॉफ्ट’ या नृत्यमेळ्यांत ते वाजत असे. १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. यांच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या अल्बममधील एका गाण्यात त्याचा तुकडा घेतला गेला. रॅप करणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत : कोणता तुकडा उचलला, कुठे कापला, त्यावर काय रचले. सॅम्पलिंग शिकण्याचा हा चांगला धडा आहे.

चौथे : ‘माय रॉक’ (१९८७). हेन्री थ्रेडगिल यांच्या ‘ईझिली स्लिप इन्टू अनदर वर्ल्ड’ या अल्बममधील एक गाणे. डिस्कोचा काळ सरल्यावर आशा पुथली पुन्हा कृष्णवर्णीय जॅझ रचनाकाराबरोबर गायल्या याचा हा पुरावा. कोलमन यांना २००७ साली आणि थ्रेडगिल यांना २०१६ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मुंबईची ही गायिका दोघांनाही त्या मानाच्या कितीतरी आधी आपल्या रचनेसाठी हवीशी वाटली होती.

‘शी लव्ह्ज टू हिअर द म्युझिक’, ‘लिंडियाना’ आणि ‘१००१ नाइट्स ऑफ लव्ह’ हे इतर अल्बम यानंतर ऐकावेत. त्यांत डिस्कोचा भाग मोठा आहे, आणि ‘पूर्वेकडची गूढ स्त्री’ म्हणून गायिकेला विकण्याचा त्या काळच्या बाजाराचा सोसही दिसतो. ज्यांना एकच निवड करायची आहे त्यांच्यासाठी ‘द इसेन्शियल आशा पुथली’ हे २०२२ सालचे संकलन सोयीचे आहे. मात्र त्यासोबत ‘सायन्स फिक्शन’मधील दोन गाणी जरूर ऐकावीत.

१९७२ : दोन वाटा

‘सायन्स फिक्शन’ १९७२ साली बाहेर आला. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथरची स्थापना केली. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून हे नाव घेतले गेले. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. त्याच ड्यू बॉइस यांनी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) या पुस्तकात गुलामांच्या दुःखगीतांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे.

म्हणजे कृष्णवर्णीयांचा विचार पुस्तके आणि बातम्यांतून आपल्या चाळीत पोहोचला. त्यांचे संगीत मुंबईतच होते, पण हॉटेलच्या दाराआड. एकाच शहरातून एक गायिका कोलमन यांच्यापर्यंत गेली आणि काही तरुण पँथरपर्यंत गेले, तरी या दोन वाटा एकमेकींना भेटल्या नाहीत. यासाठी कोणा एका व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. कला कोणाच्या कानापर्यंत पोहोचणार हे जात, वर्ग आणि भाषा ठरवत होत्या, असे समाजशास्त्राच्या अभ्यासक म्हणून आम्हाला दिसते. आज मोबाइलमुळे ते दार बऱ्यापैकी उघडले आहे. पुढचे काम निवडीचे आहे.

श्रेय आणि पैसा

अल्बम निवडताना त्यावरची नावे वाचण्याची सवय लावा. गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि कंपनी हे सगळे वेगवेगळे हक्कदार असतात. एका गाण्यात किमान दोन हक्क असतात : एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा कंपनीकडे असतो. म्हणून तुकडा वापरायचा तर दोन्हीकडून परवानगी लागते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ‘जुने गाणे आहे, चालते’ हा समज चुकीचा आहे.

याचा संबंध आपल्या गायकांशीही आहे. कॅसेटच्या काळात भीमगीते गाणाऱ्या कितीतरी कलावंतांनी एकरकमी मानधनावर गाणी दिली आणि त्यांची विक्री वर्षानुवर्षे चालू राहिली. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सोडून देता येणार नाही असा केला, आणि गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरावर मानधनाचा हक्क मान्य केला. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) या संस्था काम करतात. नव्या मुलामुलींनी करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, समजला नाही तर वकिलाला दाखवावा, आणि नोंदणी करावी.

इथून पुढे

आशा पुथली ऐकून झाल्यावर मागे जा. बिली हॉलिडे यांचे १९३९ सालचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे जमावाने फासावर लटकवलेल्या कृष्णवर्णीयांविषयीचे गाणे आहे. नीना सिमोन यांचा ‘इन कॉन्सर्ट’ (१९६४) हा अल्बम नागरी हक्कांच्या लढ्यातला आहे. अरिथा फ्रँकलिन यांचा ‘अमेझिंग ग्रेस’ लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, पुन्हा १९७२ सालीच, ध्वनिमुद्रित झाला. सोल गायकीचे मूळ त्यात स्पष्ट ऐकू येते. या तिघींनंतर ‘ऑल माय लाइफ’ परत लावा. पहिल्यांदा निसटलेले बरेच काही आता हाती लागेल.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे शिवाजी पार्कच्या रस्त्यावरील स्टॉलवर भीमगीतांच्या शेकडो संचांतून प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज बरोबर शोधून घेतात. कोणाचा आवाज, कोणाचे शब्द, कोणता प्रसंग, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ऐकण्याची ही शिस्त आपल्या समाजाकडे आधीपासून आहे. जगभरातल्या शोषितांच्या संगीतासाठीही ती वापरावी, आणि अभ्यासिकांमधून महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. एक चांगला स्पीकर, चार गाणी आणि त्यावर तासभर चर्चा एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.