घोड्याचे शब्द : दाभोळ आणि होर्मुझ

वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर तीरावर दाभोळ आहे आणि समोरच्या तीरावर अंजनवेल. मधली खाडी आज फेरीबोटीने काही मिनिटांत ओलांडता येते. माडांच्या गर्दीत उभी असलेली आदिलशाही काळातील मशीद सोडली, तर हे गाव एकेकाळी इराण-अरबस्तानापर्यंत ठाऊक होते, असे सुचवणारे फारसे काही दिसत नाही. कोकण म्हणजे घाटापलीकडच्या जगापासून तुटलेला, गरिबीने गांजलेला मुलूख, ही प्रतिमा आपल्या साहित्याने इतकी पक्की केली आहे की, या किनाऱ्याने कधी दख्खनच्या सत्तेचे दार सांभाळले होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

या दारासमोर, अरबी समुद्राच्या पलीकडे, होर्मुझचे बेट होते. मूळचे होर्मुझ इराणच्या मुख्य भूमीवर होते; तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकालात हल्ल्यांना कंटाळून तेथील राज्यकर्त्यांनी किनाऱ्याजवळच्या ओसाड बेटावर राजधानी हलवली. बेटावर मिठाचे डोंगर होते, पण गोडे पाणी जवळजवळ नव्हतेच. पिण्याचे पाणी आणि धान्य बाहेरून आणावे लागे. ज्या भूमीत काहीच पिकत नाही तिथे जगभरचा माल मिळत होता. इ.स. १४४२ मध्ये कालिकतकडे निघालेला समरकंदचा अब्दुर रझ्झाक होर्मुझला थांबला, तेव्हा तिथे जमलेल्या नाना देशांच्या व्यापाऱ्यांची गर्दी पाहून तो चकित झाला.

होर्मुझजवळ धान्य नव्हते, तसे दख्खनजवळ पुरेसे घोडे नव्हते. इ.स. १३४७ मध्ये स्थापन झालेली बहमनी सत्ता आणि तिची प्रतिस्पर्धी विजयनगर यांच्या लढाया घोडदळावर ठरत. उत्तम लढाऊ घोडा मात्र अरबस्तान, इराण, खुरासान येथून येई. इथल्या हवेत आणि चाऱ्यावर ते घोडे फार टिकत नसत, म्हणून दरवर्षी नवे घोडे आणणे भाग पडे. व्यापाराचा हा धागा तुटणे म्हणजे राज्य दुबळे होणे.

हे ज्याला पुरते उमगले होते, तो महमूद गावान याच वाटेने आला. इराणातील गिलानचा हा व्यापारी इ.स. १४५३ मध्ये दाभोळला उतरला आणि बीदरला जाऊन पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. ‘रियाझ-उल्-इन्शा’ या त्याच्या फारसी पत्रसंग्रहामुळे तो साहित्याच्या इतिहासातही आहे. इ.स. १४६९ ते १४७२ या काळात त्याने खेळणा (आजचा विशाळगड) आणि संगमेश्वर येथील सत्ताधीशांवर मोहीम काढली. व्यापारी जहाजांची लूट थांबवणे हे तिचे एक प्रमुख कारण होते. स्थानिक सत्ताधीशांनाही या व्यापारातला आपला वाटा हवा होता, असाच याचा अर्थ.

सामान्य व्यापाऱ्याची बाजू कळते ती अफानासी निकितिन या रशियन माणसाकडून. त्वेर शहराचा हा व्यापारी १४७० च्या आसपास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडा हिसकावला आणि धर्म बदलल्यास परत देण्याची अट घातली. एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. एका घोड्यापायी माणसाचा धर्म पणाला लागावा, यावरून त्या जनावराचे मोल कळते. निकितिन हिशेबी होता. इथे आपल्या देशाजोगा माल नाही. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आणि चाचे पुष्कळ, अशी त्याची तक्रार आहे. परतताना त्याने दाभोळलाच जहाज धरले. वाऱ्याने जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा तेथील लोकांनी लुटू नये म्हणून त्यांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटावी लागली. दाभोळहून निघालेल्या जहाजात काय असे, हे अशा एका ओझरत्या वाक्यातून कळते. निकितिन घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा मृत्यू झाला. मागे राहिली ती वही.

पोर्तुगिजांना या व्यवहाराचे मर्म चटकन कळले. इ.स. १५०८ च्या डिसेंबरअखेर अल्मेदाने चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाचा सूड उगवायला निघताना वाटेत दाभोळ जाळले. इ.स. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतले आणि १५१५ मध्ये होर्मुझवर पक्का ताबा बसवला. समुद्राची दोन्ही टोके एका हाती आली. घोड्यांचा व्यापार गोव्याकडे वळला आणि परवान्याशिवाय जहाज हाकारणे धोक्याचे झाले. इ.स. १६२२ मध्ये शाह अब्बासने इंग्रज जहाजांच्या मदतीने होर्मुझ जिंकले, पण बेटाचे वैभव परतले नाही. व्यापार समोरच्या बंदर अब्बासकडे गेला. दाभोळ मात्र तगून राहिले. दुमडलेल्या चांदीच्या तारेसारखे ‘लारी’ नावाचे नाणे मूळ इराणी आखाताकडचे; सतराव्या शतकात दुसऱ्या अली आदिलशहाने त्याच घडणीची नाणी पाडली. बंदराचा सांधा पुरता निखळला नव्हता, याची ही खूण.

या साऱ्या व्यवहाराची मराठीतली साक्ष कोठे शोधायची? ती भाषेतच आहे. ‘घोडा’ हा शब्द आपला, पण त्याच्या अंगावर चढणारे जवळजवळ सारे बाहेरचे : लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक. तो राहतो तो तबेला, तो जोपासते ती पागा, त्यावर बसतो तो स्वार किंवा बारगीर. किनाऱ्यावर पाहिले तर बंदर, जहाज, लंगर, खलाशी, दलाल, जकात. कोळ्यांचा ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा धनी. हे सगळे शब्द जहाजातूनच उतरले असे म्हणता येणार नाही; दरबार आणि लष्कर यांच्या वाटेनेही ते आले. परंतु त्या दरबारांना आणि लष्करांना घोडे व माणसे पुरवणाऱ्या वाटांपैकी एक वाट दाभोळच्या खाडीतून जात होती. ज्या घोडदळाच्या बळावर पुढे मराठ्यांनी हिंदुस्थान पालथा घातला, त्याचा शब्दकोश असा समुद्राशी बांधलेला आहे.

समोरच्या अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला, तेव्हा त्यासाठी ओमान आणि अबू धाबी येथून वायू आणण्याचे करार झाले होते. तो बेत फिसकटला, तरी इ.स. २०१३ पासून तेथे द्रवरूप वायूची जहाजे लागू लागली. मालाचे नाव बदलले, खाडी तीच राहिली. त्या वादात कोकणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र या खाडीच्या तोंडाशी जग पहिल्यांदाच आले नव्हते, याची आठवण ठेवली असती तर आपल्या बोलण्याला अधिक खोली आली असती. इतिहासाची साधने नेहमी दप्तरांतच सापडतात असे नाही. काही आपण रोज उच्चारतो.